रात्रीचे गायरान

सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने १५ ऑगस्ट २०२२ पासून असा प्रघात पाडला की, रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजावा, त्यासरशी घरोघरचे टीव्ही आणि मोबाइल बंद व्हावेत, आणि साडेआठ वाजेपर्यंत मुलांनी अभ्यासाला बसावे व वडीलधाऱ्यांनी वाचन करावे किंवा एकमेकांशी चार शब्द बोलावेत. या उपक्रमाची वार्ता यथावकाश आमच्या कर्नाटकातल्या सीमाभागातही येऊन पोहोचली, आणि बेळगाव-वेंगुर्ले रस्त्यावरील उचगाव फाट्यावर चहाच्या टपरीपाशी तिची चर्चा चालू असताना, ‘आपल्याकडंबी असलं कायतरी कराय पायजे’ असे म्हणणारे गृहस्थ त्याच वेळी अंगठ्याने मोबाइलचा पडदा वर सरकवीत होते, हे सांगितले म्हणजे आमच्या प्रगतीची कल्पना वाचकांस येईल.

वडगावकरांचा मार्ग मला मनापासून पटतो. त्यांनी निवडलेली घटका मात्र, केवळ निद्रेचा विचार केला तर, बरीच अलीकडची आहे. तो काही त्यांचा दोष नव्हे. त्यांना मुलांचा अभ्यास साधावयाचा होता आणि घरातला संवाद टिकवावयाचा होता, व ही दोन्ही कामे साडेआठपूर्वी होतात. परंतु साडेआठला पुन्हा उघडलेला पडदा मग किती वाजता मिटतो, आणि तो मिटल्यावरही गल्लीतला व चौकातला पांढराशुभ्र उजेड खिडकीवाटे अंथरुणावर किती वाजेपर्यंत पडत राहतो, या प्रश्नांचा विचार एखाद्या ग्रामसभेने केल्याचे माझ्या ऐकिवात नाही. झोप ही ज्याची त्याची खाजगी बाब, आणि ती नीट लागत नसेल तर खोट ज्याच्या त्याच्या शिस्तीत, अशी आपली समजूत आहे. पण गायरान जसे कोणा एका खातेदाराचे नसते, साऱ्या गावाच्या गुरांचे असते, आणि म्हणूनच त्यावर कोणी कुंपण घातले तर सगळे गाव जाब विचारते, तशी रात्र ही गावाची सामाईक मिळकत आहे, व तिच्यावर गेल्या दोन-तीन पिढ्यांत चारी बाजूंनी अतिक्रमण झालेले आहे, असे माझे म्हणणे आहे. त्या अतिक्रमणात मोबाइल हा सर्वांत मागाहून आलेला आणि चटकन डोळ्यांत भरणारा गुन्हेगार होय. सर्वांत मोठा आहेच, असे मी म्हणणार नाही.

मनुष्याच्या मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणारे दृष्टितंतू जेथे एकमेकांस छेदतात त्या स्थानाच्या किंचित वर, सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. शरीराचे तापमान केव्हा उतरावे, भूक केव्हा लागावी, निद्रेची वर्दी देणारे मेलाटोनिन रक्तात केव्हा सुटावे, हा सारा बंदोबस्त त्याच्याकडे आहे; शरीराचे घड्याळ म्हणतात ते हेच. हे घड्याळ सूर्य चालवीत नाही, ते प्राण्याच्या व वनस्पतीच्या आतच घडलेले आहे, याचा पहिला सुगावा १७२९ साली ज्याँ-जाक द मेराँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाला लाजाळूच्या जातीच्या एका रोपाने दिला. अंधारात कोंडून ठेवलेल्या त्या रोपाची पाने, सूर्याचे दर्शन नसतानाही, दिवसा उघडत आणि रात्री मिटत राहिली. पुढे पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणाऱ्या चिमुकल्या फळमाशीच्या पेशींत या घड्याळाची चक्रे कशी फिरतात याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. हे नोबेल सर्वांना ठाऊक असते. पण आमच्याच राज्यात, बंगळूरच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात झालेला एक प्रयोग मला त्याहून अधिक बोलका वाटतो. तेथे फळमाश्या अखंड उजेडात, एकाच तापमानात, पिढ्यानपिढ्या वाढविण्यात आल्या, आणि १९९९ साली संशोधकांनी प्रसिद्ध केले की, दिवस-रात्र हा भेदच ज्यांनी पाहिला नव्हता अशा ६०० पिढ्यांनंतरही त्या माश्यांच्या कोशातून बाहेर पडण्याला दिवसाचा ताल शिल्लक होता. माणसाची पिढी पंचवीस वर्षांची धरली तर ६०० पिढ्यांची १५ हजार वर्षे होतात, आणि आमच्या खेड्यांत विजेचा दिवा येऊन पुरत्या चार पिढ्याही झालेल्या नाहीत. तेव्हा ‘होईल की हळूहळू सवय’ असे म्हणणाराने हिशेब कोणत्या मुदतीचा मांडला आहे, हे त्याने एकदा सांगावे.

घड्याळ आत असले तरी ते अगदी २४ तासांचे नसते. मदुराई कामराज विद्यापीठात प्रा. एम. के. चंद्रशेखरन यांनी बाहेरच्या काळवेळेचा मागमूस लागणार नाही अशा बंदिस्त खोल्या बांधून घेतल्या होत्या, आणि त्यांत राहिलेल्या स्वयंसेवकांचा दिवस हळूहळू लांबत गेला, जसा तो जर्मनीतील व फ्रान्समधील अशाच प्रयोगांतही लांबला होता. म्हणजे हे घड्याळ रोज थोडे मागे पडते, आणि रोज सकाळी कोणीतरी ते पुढे सारून बरोबर करावे लागते. ते काम प्रकाशाचे. २००२ साली डेव्हिड बर्सन यांनी दाखवून दिले की, डोळ्याच्या आतल्या पडद्यात, ज्यांचा पाहण्याशी फारसा संबंध नाही अशा काही पेशी आहेत. त्या प्रकाश मोजतात आणि मोजमाप थेट त्या पुंजक्याकडे पाठवितात. निरभ्र आकाशाच्या निळाईला त्या सर्वाधिक प्रतिसाद देतात, जे स्वाभाविकच आहे, कारण लक्षावधी वर्षे निळाई दिसणे म्हणजे दिवस असणे, हे समीकरण कधी चुकले नव्हते. ते चुकविण्याचे श्रेय आपल्या पांढऱ्या एलईडी दिव्यांकडे जाते. त्यांच्या शुभ्र दिसणाऱ्या उजेडात निळ्याचाच अंश ठळक असतो.

येथे आकडे थोडे पाहावे लागतात. प्रकाश मोजण्याचे परिमाण लक्स. पौर्णिमेचे चांदणे अर्ध्या लक्सलाही पोहोचत नाही. ट्यूबलाइट लावलेल्या खोलीत शंभर-दोनशे लक्स भरतात. आषाढातल्या ढगाळ दुपारी उचगावच्या शिवारात उभे राहिले तरी हजारांत मोजावे लागते, आणि वैशाखाच्या उन्हात ते लाखाच्या घरात जाते. यावरून कोणाच्याही ध्यानात येईल की, आपले दिवस पूर्वीच्या मानाने फार अंधारे आणि रात्री फार उजळ झाल्या आहेत. कारखान्याच्या शेडमध्ये, दुकानाच्या गाळ्यात किंवा वर्गाच्या चार भिंतींत दिवसभर वावरणाऱ्याला जो उजेड मिळतो, तो शेतकऱ्याला सूर्य उगवतानाच मिळून गेलेला असतो. आणि त्याच माणसाला रात्री दहा वाजता जो उजेड मिळतो तो त्याच्या आजोबांना जन्मात मिळाला नसेल. २०१३ साली अमेरिकेतील कोलोरॅडो येथे केनेथ राइट यांनी काही माणसांना आठवडाभर डोंगरात तंबूंत राहण्यास पाठविले. सोबत विजेरी नव्हती, मोबाइल नव्हता. उजेड सूर्याचा आणि शेकोटीचा. आठवड्याअंती त्यांचे अंतर्गत घड्याळ सुमारे दोन तासांनी अलीकडे आले. औषध नाही, उपदेश नाही, केवळ दिवस दिवसासारखा आणि रात्र रात्रीसारखी.

आता मोबाइलचा खटला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात बारा माणसांना झोपण्यापूर्वीचे चार तास, पाच रात्री उजळ पडद्यावर आणि पाच रात्री छापील कागदावर पुस्तक वाचावयास दिले. पडद्यावर वाचणाऱ्यांचे मेलाटोनिन दुसऱ्या दिवशी सुमारे दीड तास उशिरा सुटले, ही गोष्ट खरी आणि गंभीर. परंतु त्यांना झोप लागण्यास लागलेला अधिक वेळ अवघा दहा मिनिटांचा होता, ही गोष्टही तितकीच खरी, आणि ती सांगणारे फार थोडे. याउलट २०११ साली ११६ व्यक्तींवर झालेल्या दुसऱ्या अभ्यासात असे आढळले की, पडद्याचा संबंध नसताना, नुसत्या घरगुती खोलीतल्या दिव्याच्या उजेडात संध्याकाळ काढली तरी मेलाटोनिनचा अंमल सुमारे दीड तासाने आखूड होतो. म्हणजे ‘मोबाइल ठेव बाजूला’ असे लेकरावर ओरडणारे वडील ज्या ट्यूबलाइटखाली बसून ओरडतात, ती ट्यूबलाइटही आरोपीच्या पिंजऱ्यात उभी करावयास हवी. मोबाइल झोप घालवितो तो त्याच्या उजेडाने कमी आणि त्यातल्या मजकुराने अधिक, असे माझे मत झाले आहे. रिकाम्या पडद्याकडे पाहात कोणी बारा वाजेपर्यंत जागत नाही. त्यातली भांडणे, जुगारासारखे खेळ, क्रिकेटचे सामने आणि एकामागून एक आपोआप सुरू होणारी चित्रे माणसाला धरून ठेवतात. त्यांचा बंदोबस्त पडदा पिवळा केल्याने होत नाही. चष्म्याच्या दुकानात निळा प्रकाश अडविणाऱ्या काचांचे अधिकचे पैसे देऊन आलेले तरुण मी पाहतो, तेव्हा व्यापारी लोकांच्या कल्पकतेला दाद द्यावीशी वाटते.

पूर्वीचे लोक दिवेलागणीला जेवून लगेच निजत, आणि म्हणून सुखी होते, असेही कोणी समजू नये. २०१५ सालीच टांझानिया, नामिबिया आणि बोलिव्हिया या देशांतील, वीज न वापरणाऱ्या तीन समाजांच्या निद्रेची मोजणी प्रसिद्ध झाली; ते लोक सूर्यास्तानंतर सरासरी तीन तासांहून अधिक जागे राहतात आणि त्यांची झोप सहा-साडेसहा तासांच्या आसपास भरते. आमच्याकडे तरी काय वेगळे होते? भजनी मंडळाचा एकतारी भजनाचा फड मध्यरात्रीपर्यंत चाले, जत्रेतले नाटक तांबडे फुटेपर्यंत रंगे, कार्तिकात काकडारतीला पहाटे उठावे लागे. पण जागरण गावाचे असे, त्याची तिथी ठरलेली असे, आणि दुसऱ्या दिवशी सगळे गावच सुस्तावलेले असल्यामुळे कोणाचे कोणावाचून अडत नसे. हल्लीचे जागरण एकेकट्याचे आहे. बाप सोप्यात, आई स्वयंपाकघरात, मुलगा माडीवर, आणि प्रत्येकाची मध्यरात्र निराळ्या वेळी.

या एकटेपणाचा घड्याळाशी संबंध आहे, आणि तो दाखवून देणारा प्रयोग पुन्हा मदुराईचाच. १९८१ साली चंद्रशेखरन व त्यांचे सहकारी मारिमुत्तु आणि राजन यांनी, वटवाघळांची वसाहत असलेल्या एका गुहेच्या अंधाऱ्या कोपऱ्यात काही वटवाघळे पिंजऱ्यात ठेवली. सूर्याचा किरणही तेथे पोहोचत नव्हता. तरीसुद्धा रोज संध्याकाळी बाहेर झेपावणाऱ्या आणि पहाटे परतणाऱ्या जातभाईंच्या सोबतीने पिंजऱ्यातल्या प्राण्यांचे घड्याळ बिनचूक चालत राहिले. जेथे अशी सोबत नव्हती, तेथे ठेवलेल्या वटवाघळांचा ताल सुटला. समाज हाही एक सूर्य आहे, इतके तरी यावरून म्हणता यावे. वडगावच्या भोंग्याचे खरे बळ मला यातच दिसते. एकट्या घरात मोबाइल बंद करणारा मुलगा शिक्षा भोगत असतो. सगळ्या आळीचे मोबाइल एकदम बंद झाले की त्याला अंगणात खेळगडी मिळतात. एके काळी भोंगा होता तो गिरणीचा, आणि तो माणसाला झोपेतून ओढून यंत्रापुढे उभा करी. यंत्रापासून दूर जाण्यासाठी भोंगा वाजावा, हा कालमहिमा म्हणावा लागेल.

परंतु गावाचे घड्याळ बिघडविण्याला सरकारदरबारी सुरुवात झाली ती मोबाइलच्या जन्माच्याही आधी. १ जानेवारी १९०६ पासून मिर्झापूरजवळच्या ८२.५ अंश रेखावृत्तावरील वेळ साऱ्या हिंदुस्थानची वेळ म्हणून लागू झाली. तोपर्यंत रेल्वे मद्रासच्या वेळेवर चाले, आणि मुंबई शहर स्वतःच्या वेळेवर. मुंबईकरांना हे ३९ मिनिटांचे आक्रमण इतके झोंबले की, तेथील महापालिकेने आपली वेळ १९५५ पर्यंत सोडली नाही. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यातच होते. आमच्या आकाशातला सूर्य आणि आमच्या मनगटावरचे घड्याळ यांत सुमारे ३२ मिनिटांचे अंतर आहे. घड्याळात बारा वाजतात तेव्हा उचगावचा मध्यान्ह व्हावयास अर्धा तास असतो. जानेवारीत येथे सूर्य उगवावयास सातची वेळ होते, आणि शिकवणीला जाणारी मुले सहा-साडेसहाला, मिट्ट काळोखात, सायकलच्या घंटा वाजवीत फाट्याकडे निघालेली असतात. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतभरच्या मुलांच्या झोपेचा अभ्यास केला. देशाची वेळ एकच असल्यामुळे पश्चिमेकडे सूर्यास्त घड्याळात उशिरा होतो, तेथील मुले उशिरा निजतात, परंतु शाळेची वेळ ठरलेली असल्यामुळे उशिरा उठू शकत नाहीत. सूर्यास्त तासभर पुढे गेला की झोप सुमारे अर्ध्या तासाने घटते व शिक्षणही मागे राहते, आणि हा फटका गरिबांच्या मुलांना अधिक बसतो, असा त्याचा निष्कर्ष. ज्याच्या घरी एकच खोली, त्याला लवकर निजायचे कोठे?

महाराष्ट्र सरकारने, तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांच्या अपुऱ्या झोपेकडे लक्ष वेधल्यानंतर, ८ फेब्रुवारी २०२४ रोजी असा हुकूम काढला की, चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत. त्या हुकुमावर बसवाल्यांनी, पालकांनी आणि संस्थाचालकांनी केलेली कुरकूर मी वाचली आहे, आणि तिच्यात तथ्यांशही आहे. पण मुलांच्या झोपेचा विचार एखाद्या सरकारने शाळेच्या वेळापत्रकात केला, हे काही कमी नव्हे. गंमत अशी की, उचगावाहून त्याच वेंगुर्ले रस्त्याने चार-सहा मैल गेले की शिनोळी लागते, ते चंदगड तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात. तेथल्या पोराला जो हुकूम लागू, तो आमच्या पोराला नाही. सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागो. मेलाटोनिनचा प्रश्न तोवर तहकूब ठेवता येत नाही.

आणि आता त्या अतिक्रमणाकडे येतो, ज्याविषयी शहरातल्या निद्रातज्ज्ञांच्या लेखांत एक ओळही नसते. कर्नाटकात दहा अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना वीज फुकट आहे. ती थ्री फेज वीज मिळते मात्र दिवसाला सात तास, आणि तीही पाळ्या पाळ्यांनी, काही दिवसा तर काही रात्री. शिवारात रब्बीचा हंगाम सुरू झाला की, मध्यरात्रीनंतर केव्हातरी येणाऱ्या विजेची वाट पाहात, मार्कंडेय नदीकाठच्या शेतकऱ्याने विजेरी आणि फावडे घेऊन मोटरीकडे जावे, वाफ्यांना पाणी पाजावे, दारे धरावीत, पायाखाली साप आणि पलीकडे उसात गवा असल्याच्या भीतीने चारी दिशांना उजेड फेकीत राहावे, आणि सकाळी पुन्हा गुरांच्या धारा काढाव्यात, हे चक्र इतके नित्याचे झाले आहे की त्याला कोणी निद्रानाश म्हणत नाही. काहींनी मोटर आपोआप सुरू करणारे स्टार्टर बसविले आहेत. पण स्टार्टर मोटर चालू करतो, दारे धरीत नाही. रात्रपाळीमुळे शरीराचा ताल बिघडतो म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली तिला ‘बहुधा कर्करोगकारक’ या वर्गात घातले, आणि २०१९ मध्ये फेरविचार करून तो निर्णय कायम ठेवला. हे वाचताना डोळ्यांपुढे परिचारिका आणि कारखान्यातले कामगार येतात. बेळगावच्या उद्यमबागेतल्या व शिनोळीच्या औद्योगिक वसाहतीतल्या कामगाराला निदान हजेरीपटावर रात्रपाळी लिहून मिळते, तिचा भत्ता मागता येतो. शेतकऱ्याची रात्रपाळी कोणत्या दप्तरात नोंदलेली आहे?

कोल्हापुरात २०२२ च्या फेब्रुवारीत राजू शेट्टी यांच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेने दिवसा दहा तास विजेसाठी ठिय्या दिला, तेव्हा त्याच्या समर्थनार्थ सर्पदंशाचा आणि श्वापदांचा दाखला दिला गेला, आणि तो बिनतोड होता. माझी एवढीच पुरवणी आहे की, ज्या रात्री साप निघत नाही त्या रात्रीही शेतकऱ्याचे नुकसान होतच असते. सौर पंप आणि सौर वाहिन्या यांच्या योजना दोन्ही राज्यांत आहेत, त्यांचे समर्थन बहुधा पैशाच्या व कोळशाच्या हिशेबाने केले जाते. झोपेचा रकाना त्या हिशेबात नाही, तो यावा.

उजेडाविषयी बोलताना कृतघ्न होऊ नये, हेही मला ठाऊक आहे. भाग्यज्योती योजनेचा एकच बल्ब ज्या घरात प्रथम लागला, त्या घरातल्या बाईने चुलीपाशी विंचू नाही याची खात्री प्रथमच उजेडात केली असेल. आज २०२३ च्या गृहज्योती योजनेखाली २०० युनिटांपर्यंत बिल येत नाही, ही गोष्ट गरिबाच्या घरी मोठीच. केंद्राच्या उजाला योजनेने २०१५ पासून एलईडी दिवा इतका स्वस्त केला की, उजेड ही जपून वापरण्याची वस्तू राहिली नाही. बायाबापड्यांना रात्री घराबाहेर पडताना वाटणारी भीती त्याने कमी केली, हे मी नाकारीत नाही. माझी तक्रार दिव्याशी नाही; तो कोठे, कोणत्या रंगाचा, किती वाजेपर्यंत आणि कोणाच्या डोळ्यांत, हे कोणीच पाहात नाही, या बेफिकिरीशी आहे. चौकातला उंच खांब आमदार-खासदारांच्या निधीतून येतो, त्यावर नावाची पाटी लागते, उद्घाटन होते. आणि त्याचा निम्मा उजेड आभाळात, उरलेल्यातला बराचसा लोकांच्या माड्यांत, व थोडासा रस्त्यावर पडतो.

गेल्या ऑक्टोबरात उचगावच्या शिवारकडेने जाताना रस्त्यालगतच्या एका भातशेतात मला मोठा चमत्कारिक प्रकार दिसला. सगळे शेत निसवून पिवळसर होऊ लागलेले, लोंब्या वाकलेल्या; आणि रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाखाली, जणू दोरी टाकून आखल्यासारखा, एक अर्धवर्तुळाकार तुकडा हिरवागार, ताठ, अजून पोटरीत. बांधावर बसलेल्या मालकाला मी विचारले, तर तो हसून म्हणाला, ‘काका, खत न्हाई, पाणी न्हाई, ह्यो दिवा लागल्यापासनं असंच हाय. बाकीच्या भाताला थंडीची चाहूल लागली, ह्येला अजून उन्हाळ्याचा दिवसच वाटालाय.’ त्याचे निदान शास्त्राच्या कसोटीला पूर्णपणे उतरते. भात हे लहान दिवसाचे पीक. त्याच्या जुन्या, विशेषतः सुवासिक जाती दिवस आखूड होऊ लागल्याखेरीज निसवत नाहीत, आणि रात्रभर जळणारा दिवा त्यांना दिवस आखूड झाल्याचे कळूच देत नाही. सांगली-सोलापूरकडे ड्रॅगन फ्रूटच्या बागांत रात्री दिवे लावून बिगरहंगामी फुले आणणारे शेतकरी याच ज्ञानावर पैसे मिळवीत आहेत. वनस्पतीला रात्रीचा उजेड कळतो, हे आमच्या शेतकऱ्याला पुस्तकाविना उमगलेले आहे. त्याच खांबाच्या पलीकडच्या बाजूला, त्याच उजेडात, खिडकीखाली निजणाऱ्या त्याच्या नातवाला तो कळत असेल की काय, हा प्रश्न मात्र त्याने किंवा मी तेव्हा उपस्थित केला नाही.

महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, आणि त्यासाठी आसपासच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे खाली तोंड केलेले व पिवळसर असे बदलून घेण्यात आले. ते तारे पाहण्यासाठी केले. वाघांसाठी आणि पर्यटकांसाठी जे करता येते, ते माणसांच्या झोपेसाठी करू नये असा काही कायदा नाही. दिव्याला वरून झाकण, उजेडाचा रंग पिवळा, आणि रात्री साडेदहानंतर निम्मे खांब बंद, एवढी तजवीज ग्रामपंचायत आपल्या अधिकारात करू शकते. खांब बंद झाले की चोऱ्या होतील, अशी हाकाटी प्रथम होईल. ज्या गल्लीला भीती वाटते त्या गल्लीचा दिवा ठेवावा, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. घरात करावयाच्या गोष्टी याहून सोप्या आहेत आणि त्या मी लांबवीत नाही: मोबाइल रात्री माजघरात न नेता सोप्यातच चार्जिंगला लावावा, जेवणानंतर ट्यूबलाइट मालवून साधा पिवळा दिवा ठेवावा, आणि सकाळी उठल्याबरोबर अर्धा तास उघड्यावर काढावा. शेवटची गोष्ट खेड्यात कोणाला सांगावी लागेल असे मला वाटले नव्हते. पण आमची मुले अंथरुणातून उठून व्हॅनमध्ये, व्हॅनमधून वर्गात, आणि वर्गातून पुन्हा व्हॅनमध्ये जाऊ लागली आहेत. शाळांनी प्रार्थना आणि पहिला तास मैदानात घेतला तर एक पैसा खर्च न होता हा प्रश्न निम्मा सुटेल.

आणि भोंगा? तो उचगावातही जरूर वाजावा. फक्त तो दोनदा वाजावा, एकदा सातला अभ्यासासाठी, आणि दुसऱ्यांदा साडेनऊला, मोठ्या माणसांसाठी. हा दुसरा भोंगा अवघड जाणार आहे, कारण मुलांना शिस्त लावण्याच्या ठरावाला सगळे हात वर करतात, आणि स्वतःच्या मोबाइलविषयीच्या ठरावाला गणपूर्ती होत नाही. म्हणून माझी सूचना अशी की, ग्रामसभेने आधी दिव्यांपासून आरंभ करावा. पंचायतीच्या दप्तरात खांबांची संख्या असते. कोणता दिवा कोणाच्या खिडकीत आणि कोणाच्या भातात उजेड टाकतो, याची नोंद नसते. ही नोंद करावयाला हायस्कूलची चार मुले, एक वही आणि अमावास्येच्या आसपासची एक संध्याकाळ पुरे. त्यासाठी निधी लागत नाही, आणि बंगळूरची मंजुरी तर नाहीच नाही.